कुरजा उडून गेल्यानंतरचे फलोदी

राजस्थानातील फलोदी गावी हिवाळ्यात कॅमेरा घेऊन येणारा प्रवासी बहुधा एकाच दृश्यासाठी येतो. गावापासून चार-पाच किलोमीटरवर खीचन आहे. तेथील चुग्गाघरात, म्हणजे पक्ष्यांसाठी कुंपण घालून राखलेल्या दाणे टाकण्याच्या जागेत, सकाळी हजारो कुरजा पक्षी उतरतात. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले हे करड्या अंगाचे, काळ्या गळ्याचे करकोचे दाणे टिपतात आणि थव्याथव्याने तलावाकडे निघून जातात. पक्षी गेले की प्रवासीही जैसलमेरचा रस्ता धरतात. ‘आता येथे टिपण्यासारखे काय उरले?’ असे त्यांना वाटते.

आश्चर्य असे की, हाच प्रश्न महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अनेक मारवाडी जैन कुटुंबांतील तरुण पिढीही विचारते. पूर्वजांच्या ‘देस’ला लग्नकार्यासाठी किंवा कुलदेवतेच्या दर्शनासाठी जाणे होते. मंडपातील आणि सत्कारातील शेकडो छायाचित्रे निघतात. परंतु ज्या घरात आजोबांचे बालपण गेले, त्या घराच्या पाणवठ्याचे एकही छायाचित्र सापडत नाही. रोज दिसणारी वस्तू कायमच राहणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तीच सर्वांत आधी नाहीशी होते.

फलोदी हे थरच्या वाळवंटातील, जोधपूरहून सुमारे १४० किलोमीटर अंतरावरचे लहानसे शहर. मे २०१६ मध्ये येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. भारतातील तो उच्चांक होय. अशा ठिकाणी माणसाचा दिनक्रम सूर्यच ठरवतो, आणि छायाचित्रकारानेही त्याचेच ऐकावे. दुपारचा प्रखर प्रकाश भिंती, चेहरे आणि वाळू यांना सपाट करून टाकतो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास मात्र दाराच्या कडीलाही सावली देतो. दुपारी कॅमेरा घेऊन घरात, ओसरीवर किंवा अरुंद गल्लीच्या सावलीत बसावे. परावर्तित मऊ प्रकाशात वृद्धांचे चेहरे फार सुरेख येतात.

विषयांचा आरंभ घरातूनच करावा. जैन घरात चौविहाराच्या नियमामुळे सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकते. म्हणजेच स्वयंपाकघरातील लगबगीची वेळ आणि तिरप्या सोनेरी प्रकाशाची वेळ एकच. बाजरीची भाकरी थापणारे हात, खिडकीतून येणारी किरणांची तिरीप आणि त्यात तरंगणारा धूर यांसाठी कोठेही प्रवास करावा लागत नाही. माठाच्या तोंडावर बांधलेले पाणी गाळण्याचे फडके पाहावे. जेथे पावसाचे पाणी टाक्यात साठवून वर्षभर पुरवावे लागले, तेथे त्या फडक्यात अहिंसा आणि काटकसर या दोहोंचा इतिहास आहे. दिवाळीच्या सुमारास गच्चीवर वाळत घातलेल्या काचरीच्या फोडी, डब्यात जपलेली सांगरी, अंगणाबाहेरचे खेजडीचे झाड, ज्याला आपण शमी म्हणतो, हे सारे त्याच घराचे विषय.

घराबाहेर पडल्यावर खीचनच्या लाल दगडी हवेल्या लागतात. व्यापारासाठी दूरदेशी गेलेल्या कुटुंबांनी त्या बांधल्या. आज त्यांतील अनेकींना कुलूप आहे. संपूर्ण दर्शनी भाग टिपण्याचा मोह होतो, परंतु पायरीवरची पावलांनी झालेली झीज, दगडी जाळीतून जमिनीवर पडलेली नक्षी आणि गंजलेले कुलूप यांतून त्या घराची कथा अधिक स्पष्ट कळते.

गावाजवळ मिठागरेही आहेत. पांढऱ्या मिठाने कॅमेरा फसतो आणि चित्र करडे येते. तेथे उजेडाचे प्रमाण एखाद्या टप्प्याने वाढवावे. मोबाइलमध्येही ही सोय असते. वारा सुटला असता भिंग बदलू नये, कारण बारीक वाळू कॅमेऱ्यात शिरते. आणि मिठात राबणाऱ्या माणसाचे छायाचित्र त्याला विचारल्याशिवाय काढू नये. त्याचे कष्ट म्हणजे आपल्या सहलीची शोभा नव्हे.

हाच विवेक कुरजांच्या बाबतीतही हवा. येथे पूर्वी कबुतरांसाठी दाणे टाकले जात. १९७० च्या दशकात काही कुरजा त्यांत सामील झाल्या. गावातील जैन व अन्य ग्रामस्थांनी हे काम पिढीजात चालवले आणि संख्या हजारोंवर गेली. २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाले. उडणाऱ्या थव्याचे चित्र हवे म्हणून टाळी वाजवून किंवा खडा मारून पक्षी उठवणे, हा त्या परंपरेचा अपमान होय. घाबरून उठलेले पक्षी वीजतारांना धडकण्याचा धोका असतो. येथे अशा तारांनी पूर्वी अनेक कुरजांचा बळी घेतला आहे. दाणे संपल्यावर ते आपोआपच उडणार असतात. थोडे थांबणाऱ्याला तेच दृश्य हिंसेवाचून मिळते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तपशिलावाचून लिहिलेली नोंद हिशेबाच्या वहीत निरुपयोगी ठरते. छायाचित्राचेही तसेच आहे. कोणाचे घर, कोणती गल्ली, कोणते साल, माठाजवळ उभी असलेली वृद्धा कोण, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. गावात मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून ते विचारावे. कारण ही उत्तरे आता मोजक्याच माणसांना ठाऊक आहेत. पुढच्या हिवाळ्यात कुरजा परत येतील. उत्तर देणारी ती माणसे मात्र तेव्हा असतीलच, असे नाही.