काळा आजार : ताप लांबला तर तपासणी लांबवू नका

दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप येत असेल, मलेरियाच्या गोळ्या आणि प्रतिजैविके घेऊनही तो हटत नसेल, वजन घटत असेल आणि प्लीहा वाढल्याने डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवत असेल, तर आपण काळ्या आजाराची तपासणी करून घ्यावी. पूर्व उत्तर प्रदेशात व बिहारमध्ये यासच कालाजार म्हणतात. लिश्मानिया नावाच्या परजीवीमुळे तो होतो आणि वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. उपचार न मिळाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. वेळेवर मिळाल्यास बहुतेक पूर्ण बरे होतात.

उपचाराची वाट प्रशस्त करण्यात वाराणसीचा मोठा वाटा आहे. पूर्वी अँटिमनीची इंजेक्शने सुमारे महिनाभर घ्यावी लागत, आणि बिहारमध्ये तर ती पुढे पुष्कळशी निष्प्रभ ठरू लागली. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकीय विज्ञान संस्थेतील प्रा. श्याम सुंदर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूर येथे ४१२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लायपोसोमल अँफोटेरिसिन बी या औषधाची शिरेवाटे एकच मात्रा दिलेल्यांपैकी ९५.७ टक्के रुग्ण सहा महिन्यांनंतरही रोगमुक्त होते. आज शासकीय रुग्णालयांत हेच औषध विनामूल्य दिले जाते. औषध आहे, तपासणीही सोपी आहे. तरीही रुग्ण उशिरा पोहोचतो.

याचे पहिले कारण हा ताप इतर तापांसारखाच दिसतो. घराजवळच्या औषधविक्रेत्याकडून गोळ्या, मग दुसरा डॉक्टर, मग सलाईन, असे आठवडे जातात आणि गाठीचा पैसाही संपतो. दुसरे कारण काहीसे विपरीत आहे. देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे तालुकास्तरीय उद्दिष्ट २०२३ अखेर गाठले गेले. आजार विरळ झाला, आणि म्हणूनच तो डॉक्टरांच्या मनातही चटकन येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. माशीचा चावा आणि ताप यांमध्ये बहुधा दोन ते सहा महिने जातात. छपराहून किंवा देवरियाहून मुंबई-पुण्यास आलेला कामगार गाव सोडून बराच काळ लोटल्यावर आजारी पडतो आणि त्या गावाचा उल्लेख करणे त्यास सुचतही नाही. आपल्या घरी, बांधकामावर वा कारखान्यात असा कोणी दीर्घकाळ तापाने आजारी असेल, तर त्याचे गाव आणि मागील वर्षभरातील प्रवास डॉक्टरांस अवश्य सांगावा. काशीयात्रेस दोन-चार दिवस गेलेल्यांना हा आजार जडण्याची शक्यता मात्र फारच अल्प आहे. त्यासाठी यात्रा रद्द करू नये.

तपासणीसाठी बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतात. आरके-३९ पट्टीवर काही मिनिटांत निष्कर्ष कळतो. परंतु एकदा हा आजार होऊन गेलेल्या व्यक्तीत ही पट्टी बरा झाल्यावरही अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे, होकारार्थी येते. म्हणून पूर्वी उपचार झाले असल्यास ते लपवू नये. अशा रुग्णास पुन्हा ताप आल्यास अस्थिमज्जा वा प्लीहेतील नमुना तपासावा लागतो.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते त्वचेवरील डागांकडे. ताप बरा झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी चेहऱ्यावर, हातांवर फिकट डाग किंवा गाठी उमटतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, त्यांची संवेदनाही शाबूत असते. कोणी त्यास कोड समजतो, कोणी कुष्ठरोग, आणि लोकलज्जेपोटी, विशेषतः विवाहयोग्य मुलींच्या बाबतीत, घरचेच ते झाकतात. परंतु या डागांत परजीवी जिवंत असतो आणि वाळूमाशी तेथूनच तो दुसऱ्याकडे नेऊ शकते. यावरील मिल्टेफोसिन हे औषध बारा आठवडे घ्यावे लागते. रुग्णास काहीच त्रास नसताना इतके दिवस औषध घेणे कठीण, हे खरे. तरी ते मध्येच सोडू नये. गर्भवतीस हे औषध देत नाहीत. उपचार चालू असताना व त्यानंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. डोळे लाल झाले, दुखले वा अंधुक दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.

ताप उतरला म्हणजे कागदपत्रे फेकून देऊ नयेत. उपचारानंतर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीस जावे आणि जुनी चिठ्ठी सोबत न्यावी.