संकेतस्थळाचा खर्च कशासाठी?

महापालिकेच्या अंदाजपत्रकात संकेतस्थळासाठी तरतूद दिसली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो : नळाला पाणी नाही, रस्त्यात खड्डे आहेत, मग हे कशाला? मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर मात्र पडद्यावरच्या चित्रांत नाही, त्यामागच्या कामात आहे.

जन्माचा दाखला घ्या. जुनी नोंदवही संगणकात उतरवलेली नसेल, तर अर्ज घरबसल्या भरला तरी कारकुनाला कपाटच उघडावे लागते. म्हणजे खरा खर्च नोंदी भरण्याचा, कर्मचाऱ्यांना शिकवण्याचा आणि विभागांची माहिती एकत्र जोडण्याचा. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभी मालमत्ता कर, पाणीपट्टी व दाखले संगणकावर आणून नागरी सुविधा केंद्र उघडले. पडद्यामागचे काम म्हणतात ते हेच.

आता कायद्याचेही बंधन आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सांगते, की कारभाराची माहिती कोणी मागण्याआधीच जाहीर करा. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा मुदतीत द्यावी लागते. सबळ कारणाविना ती न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून स्थायी समितीने मंजुरीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. किती कामे हेलपाट्यांविना होतील? पुढे देखभाल कोण करील? संगणक न येणाऱ्यासाठी खिडकी उघडी राहील का? रोजंदारीवरच्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी. ती वाचली, तर खर्च सार्थकी लागला म्हणायचा.