कोल्हापूरचे वायल्डर आणि परदेशी निघालेले विद्यार्थी

शाळा-महाविद्यालयांतील तरुणांनी सुटीतले दोन-तीन आठवडे काढून, गटाने, चर्चच्या वतीने एखाद्या परक्या देशात जायचे, तेथे शाळेच्या भिंती रंगवायच्या, दवाखान्यात हातभार लावायचा, मुलांना गाणी शिकवायची आणि परत यायचे, ही प्रथा अमेरिकेत आज इतकी रुळली आहे की तिला काही पूर्वेतिहास असेल अशी शंकाही तेथील तरुणांना सहसा येत नाही. या प्रथेच्या पूर्वपीठिकेतील एक ठळक धागा कोल्हापुरात येऊन मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो अमेरिकी विद्यार्थ्यांना ‘आम्ही परदेशी जाऊ’ अशी लेखी प्रतिज्ञा करायला लावणारी जी विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, तिचा आरंभीचा प्रमुख प्रचारक रॉबर्ट पार्मली वायल्डर याचा जन्म २ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरात झाला होता. मात्र त्या काळचे स्वयंसेवकत्व आणि आजचे स्वयंसेवकत्व यांत एक मूलभूत फरक आहे. तेव्हा सही करणे सोपे होते. खरे काम सहीनंतर सुरू होई, आणि त्या कामाचा बराच मोठा भाग परभाषेपुढे मान तुकवून बसण्याचा असे.

रॉबर्टचे वडील रॉयल गूल्ड वायल्डर हे व्हरमाँट राज्यात जन्मलेले, मिडलबरी महाविद्यालय व अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात शिकलेले मिशनरी. मिशनरी म्हणजे धर्मप्रसारासाठी एखाद्या मंडळाने नेमून पाठवलेला कार्यकर्ता, आणि वायल्डर यांना पाठवणारे मंडळ म्हणजे १८१० साली स्थापन झालेले ‘अमेरिकन बोर्ड’. या मंडळाचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, त्यामुळे अमेरिकेच्या परदेशी मिशनकार्याचा इतिहास जवळजवळ पहिल्या पानापासून मराठी मुलखाशी बांधलेला आहे. वायल्डर दांपत्य १८४६ मध्ये अहमदनगरला आले आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात दाखल झाले. शहरात त्यांचे स्वागत झाले नाही; त्यांना बाहेर काढावे असे अर्ज झाले. नंतर पाठवणाऱ्या मंडळाशीही त्यांचे बिनसले, कारण मंडळाचे धोरण देशी भाषेतील उपदेशाला अग्रक्रम देऊन शाळा आटोपत्या घेण्याकडे झुकले होते आणि वायल्डर शाळांचा कैवार सोडायला तयार नव्हते. मंडळाशी संबंध तुटल्यावर ते १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर पुन्हा कोल्हापुरात आले, आणि १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन चर्चच्या परदेशी मिशन मंडळाकडे गेले. नोकरी गेली तरी गाव सोडायचे नाही, हा हट्ट कोल्हापूरकरांना अपरिचित वाटू नये.

या घरातील मुले मराठी कानावर घेत वाढली. कुटुंब अमेरिकेला परतल्यावर वडिलांनी प्रिन्स्टन येथून १८७८ मध्ये मिशनविषयक मासिक सुरू केले, आणि त्याच गावातील विद्यापीठात शिकत असताना रॉबर्टने १८८३ मध्ये काही सहाध्यायांसह परदेशी जाण्याची इच्छा असलेल्यांची एक छोटी मंडळी स्थापली. तिच्या बैठका रविवारी वायल्डरांच्या घरी भरत आणि शेजारच्या खोलीत थोरली बहीण ग्रेस प्रार्थनेला बसे, असे चळवळीच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. ग्रेसचे स्थान शेजारच्या खोलीपुरते ठेवणे हा मात्र त्या इतिहासाचा दोष आहे. माउंट होलिओक या स्त्रियांच्या महाविद्यालयात असताना तिने आणि तिच्या मैत्रिणींनी जवळपास याच अर्थाची प्रतिज्ञा आधीच केली होती. म्हणजे कल्पनेचा नमुना भावाच्या आधी बहिणीकडे तयार होता.

१८८६ च्या जुलै महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे, प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांच्या शाळेच्या आवारात, ८९ महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी जवळपास महिनाभराच्या शिबिरासाठी जमले. शिबिराचा मूळ हेतू बायबलचा अभ्यास हा होता आणि परदेशी मिशन हा विषय कार्यक्रमात जवळजवळ नव्हता. वायल्डर तेथे गेला तो समविचारी मुले हेरण्याच्या हेतूनेच. आधीपासून परदेशी जाण्याचे ठरवलेल्या वीसएक जणांना त्याने एकत्र केले, त्यांच्या वेगळ्या बैठका घेतल्या, आणि मग ‘दहा राष्ट्रांची सभा’ म्हणून ओळखली गेलेली सभा भरवली, जिच्यात वेगवेगळ्या देशांतून आलेल्या किंवा तेथे मिशनरींच्या पोटी जन्मलेल्या दहा तरुणांनी प्रत्येकी जेमतेम तीन मिनिटे आपापल्या देशाची गरज मांडली. लांबलचक प्रवचनाने जे साधले नसते ते या तोकड्या भाषणांनी साधले. त्यानंतरचे दिवस मुले दोघे-दोघे, तिघे-तिघे बोलत फिरत राहिली, आणि शिबिर संपत आले तेव्हा सह्या ९९ झाल्या होत्या. निरोपाच्या प्रार्थनेच्या वेळी आणखी एक जण येऊन मिळाला व शंभर पुरे झाले. या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट होता, जो पुढे चळवळीचा अध्यक्ष झाला आणि ज्याला १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुढच्या शैक्षणिक वर्षात रॉबर्ट वायल्डर आणि भारतातल्याच मिशनरी घराण्यातला जॉन फॉर्मन यांनी अमेरिका व कॅनडातील सुमारे १६० संस्था पालथ्या घातल्या आणि २,१०० हून अधिक सह्या गोळा केल्या, ज्यांत काही शे सह्या विद्यार्थिनींच्या होत्या. १८८८ मध्ये चळवळीला रीतसर संघटनेचे रूप मिळाले. ‘या पिढीतच जगाला शुभवर्तमान’ हे तिचे घोषवाक्य होते. त्याचा अर्थ सगळ्या जगाचे धर्मांतर असा नसून सगळ्यांच्या कानी संदेश पोहोचवणे एवढाच आहे, असा खुलासा नेत्यांना वारंवार करावा लागे, यावरूनच त्या वाक्यातील घाई किती खटकत असेल हे दिसते. साम्राज्यांच्या भरभराटीचा तो काळ होता, आणि आगबोटी, तारायंत्र व रेल्वे यांच्या जोरावर जग एका पिढीत उरकता येईल हा आत्मविश्वास केवळ धर्मातून आलेला नव्हता.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे ही चळवळ स्वतः कोणालाही परदेशी पाठवत नसे. तिचे काम सही घेण्याचे आणि सही करणाऱ्याला धीर देत राहण्याचे; पाठवणी त्या त्या चर्चच्या मिशन मंडळाकडे. मंडळ पदवी पाहत असे, प्रकृतीविषयी डॉक्टरांचा दाखला मागत असे, चारित्र्याविषयी पाळकांची आणि शिक्षकांची शिफारस घेत असे, कर्ज किंवा अवलंबून असलेले आईवडील आहेत का याची चौकशी करत असे, आणि मगच नेमणूक करून गाव ठरवत असे. या चाळणीत कित्येक स्वयंसेवक गळत. काहींचे जाणे आजारपणाने राही, काहींचे लग्नाने, आणि काहींचा उत्साह पदवीबरोबरच संपे. सह्यांचा आकडा आणि जहाजावर चढलेल्यांचा आकडा यांतील अंतरावरून चळवळीवर तिच्या हयातीतच टीका झाली. तरीही १९४५ पर्यंत या मार्गाने परदेशी गेलेल्यांची संख्या सुमारे २०,५०० मानली जाते.

रॉयल वायल्डर आले त्या काळी अमेरिकेहून मुंबईला शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून येण्यात महिनेच्या महिने जात. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर हा प्रवास आठवड्यांवर आला, आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली तेव्हा घाटातली बैलगाडीही टळली. प्रवास सोपा झाला; उतरल्यानंतरची पहिली दोन वर्षे मात्र होती तशीच राहिली.

ही दोन वर्षे भाषेची. नव्याने आलेल्याला आल्या आल्या उपदेश किंवा शाळेची जबाबदारी मिळत नसे. सकाळी पंडितापुढे बसायचे, दुपारी धडा घोकायचा, संध्याकाळी बाजारात जाऊन शिकलेले किती कळते ते अजमावायचे, असा दिनक्रम असे. हाताशी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश असे, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची. छापील मजकुरासाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, आणि पत्रव्यवहार व सरकारी कागदांसाठी मोडी, म्हणजे हात न उचलता झरझर लिहायची लिपी, अशा दोन लिप्यांशी गाठ पडे. मग उच्चार. ‘ताट’ या एका शब्दातच इंग्रजी जिभेची अडचण होते, कारण तिला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येत नाहीत. ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतला ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जात असूनही सारखा नाही, हे कोणतीही लिपी सांगत नाही, ते ऐकूनच कळते. त्यापुढे व्याकरण. ‘मुलाने भात खाल्ला, मुलाने भाकरी खाल्ली’ या वाक्यांत खाणारा तोच असताना क्रियापद बदलते ते खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे. कर्त्याच्या हाती सगळी सत्ता असलेल्या भाषेतून आलेल्या माणसाला हा कर्मणी प्रयोग पचवायला वेळ लागतो. त्यात पंडित शिकवणार ती ग्रंथातली मराठी. कोल्हापूरच्या गल्लीत आजही बायका ‘मी आलो, मी गेलो’ असे बोलतात, आणि पुस्तकात पाठ केलेला ‘मी आले’चा नियम पहिल्याच दारात निकामी ठरतो.

अशा मिशनांत सर्वसाधारण नियम असा असे की भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज मिशनच्या बैठकीत नवख्याला मताचा अधिकार नाही. म्हणजे पदवीधर, प्रतिज्ञाबद्ध, हजारो मैलांवरून आलेला तरुण मराठीत बोलू शकेपर्यंत कारभारात मुका. या एका नियमात त्या पद्धतीचे सगळे शहाणपण आहे असे म्हणता येईल.

परीक्षेनंतर हिवाळ्यात फेरी निघे. फेरी म्हणजे तंबू, भांडी आणि पुस्तके बैलगाडीवर घालून गावोगाव मुक्काम करीत जाणे, बाजाराच्या दिवशी चावडीजवळ किंवा झाडाखाली बोलणे, पुस्तिका विकणे, आणि औषधाची पेटी जवळ असल्यास ती उघडणे. मिशनच्या वृत्तान्तांत रॉयल वायल्डर यांच्या नावावर तीन हजारांहून अधिक गावांत केलेला उपदेश, पुस्तिकांची तीस लाख पाने आणि शाळांत गोळा केलेली ३,३०० मुले, त्यांत ३०० मुली, अशी नोंद आढळते. या आकड्यांशेजारी धर्मांतरांचा आकडा ठेवला तर तो फारच किरकोळ ठरतो. कोल्हापूरने उपदेश ऐकून घेतला, शाळा घेतली, औषध घेतले, आणि धर्म बहुतांशी आपलाच ठेवला. पेटीतल्या औषधाची मातब्बरी किती ते या भागात १८८९ मध्ये आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या तरुणाने दाखवले. सांगलीत दवाखान्यापासून सुरुवात करून त्याने १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले, पुढे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले, आणि जवळजवळ चार दशके तो तेथे राहिला.

वायल्डर भावंडांची वाट वेगळी झाली. ग्रेस १८८७ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर आईसह परत आली आणि कोल्हापूर व इस्लामपूर परिसरात खेड्यांतील बायकांत अखेरपर्यंत काम करत राहिली. रॉबर्ट इंग्लंडमध्ये अशीच चळवळ उभी करून १८९२ नंतर भारतात आला, कोलकाता व पुणे येथे विद्यार्थ्यांत वावरला, प्रकृतीमुळे परतला आणि १९३८ मध्ये ऑस्लो येथे वारला. हजारोंना परदेशी धाडणाऱ्या या माणसाला जन्मगावी स्थायिक होता आले नाही, आणि शेजारच्या खोलीत बसणारी बहीण तेथे राहिली.

चळवळीचा जोर १९२० च्या सुमारास शिगेला पोहोचला आणि मग ओसरला. पहिल्या महायुद्धाने पाश्चात्त्य श्रेष्ठत्वावरचा विश्वास डळमळला होता, आणि विद्यार्थ्यांना घरच्याच वर्णभेदाचे व दारिद्र्याचे प्रश्न जवळचे वाटू लागले होते. १९५९ मध्ये ती इतर विद्यार्थी संघटनांबरोबर विलीन झाली. तिच्या जागी आलेल्या अल्पमुदतीच्या सहलींना भाषेची दोन वर्षे परवडणारी नाहीत, आणि भारतापुरते पाहिले तर पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रसार करण्यास व्हिसाचे नियमही मुभा देत नाहीत. थोड्या दिवसांची सेवा निरुपयोगी असते असे नाही. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखली, आंबेवाडीतून माणसे बाहेर काढणाऱ्या तरुणांनी काही दिवसच काम केले, पण कोणत्या गल्लीत कोणाची म्हातारी आई एकटी आहे हे त्यांना विचारावे लागले नाही. परक्या गावी ते ज्ञान मिळवायला वर्षे लागतात, आणि भिंत रंगवायला दोन दिवस पुरतात. सहलींचा कल भिंतीकडे असतो तो याच कारणाने.

कोल्हापुरात आज वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये उपासना मराठीत होते आणि मिशनरी एस्तेर पॅटन यांचे नाव शाळेच्या रूपाने टिकून आहे. रॉबर्ट वायल्डरची आणि विद्यार्थी चळवळीची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या धर्मविद्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. मिशनच्या अहवालांत मिशनरींची नावे पानोपानी येतात. त्यांना ‘त’ आणि ‘ट’ वेगळे करायला शिकवणारा माणूस मात्र बहुधा नुसता ‘पंडित’ असतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळचे मोडी कागद आहेत, ते वाचू शकणारे अभ्यासक आहेत, आणि १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. या पंडितांची नावे, त्यांना मिळणारा पगार आणि परधर्मीयांना शिकवल्याबद्दल त्यांना स्वतःच्या गल्लीत काय ऐकून घ्यावे लागले याचा शोध कोणीतरी हाती घ्यावा.