क मराठीचा, क कन्नडचा

2018 च्या जूनमधली गोष्ट. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा तास होता. फळ्यावर चार शब्द लिहिले आणि सवयीनं म्हणाले, "हे बघा, इथला हा शब्द तिकडच्या त्या शब्दाशी कसा जोडलाय." दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, कुठला शब्द?"

वर्गात एक अंध विद्यार्थी आहे, हे मला हजेरीच्या यादीवरून ठाऊक होतं. तरीही बारा वर्षांच्या नोकरीत 'हे', 'ते', 'इथं' असं बोटानं शिकवायची सवय हाडीमाशी मुरलेली. त्या दिवसापासून फळ्यावरची प्रत्येक ओळ मोठ्यानं उच्चारत लिहू लागले. गंमत म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलांच्या वह्याही सुधारल्या!

त्याचं घर तुमच्या-आमच्या घरासारखंच. आई धारवाडकडची, म्हणून कन्नड. वडील आणि आजी मराठी. सहाव्या वर्षी घराजवळच्या शाळेत नेलं तेव्हा "आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत," एवढ्या एका वाक्यावर परत पाठवलं. मग लांबच्या कन्नड निवासी अंधशाळेत सात वर्षं. आठवीला एका मराठी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी घेतलं, म्हणून मुलगा घरी आला. "मॅडम, सात वर्षं सणाला पोरगं पाव्हण्यासारखं यायचं," असं त्याची आई म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

एकदा तो ब्रेलचे दोन कागद घेऊन स्टाफरूममध्ये आला. एक मराठी, एक कन्नड. माझं बोट धरून त्यानं आधी एका कागदावरच्या 'क'वर ठेवलं, मग दुसऱ्या कागदावरच्या. मला दोन्हीकडे दोन उंचवटेच लागले. आई शेजारी उभी होती, हसून म्हणाली, "एरडू ओंदे, मॅडम."

खरंच एकच! पूर्वी आपल्या देशात ब्रेलच्या अनेक पद्धती होत्या. 1951 मध्ये भारतीय भाषांसाठी सामाईक 'भारती ब्रेल' ठरली. सहा टिंबांच्या घरात डाव्या रांगेतलं वरचं आणि खालचं टिंब उठवलं की 'क'. मग तो मराठीचा असो, कन्नडचा नाहीतर तमिळचा. वेलांटी-मात्रांची वेगळी चिन्हं नाहीत. व्यंजनापुढे स्वर ठेवायचा, उच्चाराच्या क्रमानं. कन्नडात ऱ्हस्व ए आणि ओ जास्तीचे, तेवढी चिन्हं शिकायची. आमची डोळस मुलं देवनागरी आणि कन्नड अशा दोन लिप्या गिरवून दमतात. हा मुलगा लिपी एकदाच शिकला. भाषा मात्र दोन्ही कष्टानंच शिकला, ते कष्ट ब्रेल वाचवत नाही.

परीक्षेत हे सुख संपलं. त्याला लेखनिक मिळाला तो कन्नड माध्यमाचा, पी.यू.सी.चा गुणी पोरगा. मराठी बोलायला फर्डा, पण लिहिताना अडखळायचा. 'स्वातंत्र्य' शब्द आला की अक्षरन् अक्षर फोडून सांगावं लागे. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, तो यातच गेला. विचार येत होते वेगानं आणि कागदावर उतरत होते मुंगीच्या पावलांनी. चूक त्या पोराची नव्हती. सीमाभागात लेखनिक शोधताना 'कुठल्या भाषेत लिहिता येतं' हा पहिला प्रश्न असायला हवा आणि तो आम्ही कॉलेजवाल्यांनी विचारलाच नव्हता.

दुसरी चूक पूर्ण माझी. मोठ्या प्रेमानं टिपणं टाइप करून दिली. संगणक ती वाचेना, नुसतं अगम्य काहीतरी बडबडे. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं होतं ना! जुन्या नुडीतल्या कन्नड मजकुराचंही तेच होतं. युनिकोडमध्ये टाइप केलं तर 'एनव्हीडीए'सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मराठीही वाचतं, कन्नडही. पुस्तकाच्या पानाचा नुसता फोटो पाठवला तर त्यातलं अक्षर सरळ वाचता येत नाही. ही साधी माहिती शिक्षकांना कुणी देत नाही.

अंध माणूस म्हटलं की आपल्या भागात गदगचं नाव निघतं. पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई स्वतः अंध. त्यांच्या वीरेश्वर पुण्याश्रमानं कितीतरी अंध मुलांना जेवण दिलं, गाणं दिलं. पुट्टराजांना 2010 मध्ये पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी ते गेले. हात जोडावेत असंच ते काम. पण आमच्या या मुलाला गळा अजिबात नाही! भेटेल तो "काय गातोस?" विचारतो आणि तो "इतिहास वाचतो" म्हणाला की समोरच्याचा चेहरा पडतो, असं तोच हसत सांगायचा.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा 2017 च्या एप्रिलमध्ये लागू झाला. अपंगत्व किमान 40 टक्के असल्याचा दाखला असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं, तेही जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या खास शाळेत. निवड पालकांची. "तसे शिक्षक नाहीत" हे कारण सांगून परत पाठवता येत नाही. शिक्षक तयार करणं ही सरकारची जबाबदारी त्याच कायद्यात आहे. ज्या मुलाला तीन-तीन भाषांचं ओझं पेलत नाही, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. आपल्या भागातल्या पालकांनी ती जरूर विचारावी.

तो 2021 मध्ये पदवीधर झाला. यंदा तशीच एक मुलगी आली आहे. रविवारी सकाळी माझ्या घरी गल्लीतल्या दोन मुली मोबाइलवर तिच्यासाठी पुस्तकं वाचून ठेवतात. मराठीची दोन झाली. कर्नाटकच्या इतिहासाचं एक कन्नड पुस्तक मीच सुरू केलं होतं, पण माझा उच्चार ऐकून ती म्हणाली, "मॅडम, ह्याला कुणीतरी कन्नडवालं बघा." शेजारच्या अक्कांना विचारलंय. पुढच्या रविवारी येते म्हणाल्यात.