हँडल फिरवा, संगणक चालवा!

दोस्तांनो, समजा भर परीक्षेत वीज गेली आणि कुणी म्हणालं, "हा घे संगणक. एक मिनिट हँडल फिरव आणि दहा मिनिटं अभ्यास कर!" तर? तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय!" पण अशी आवई खरंच उठली होती, आणि तीही चांगल्या जाणत्या माणसांच्या तोंडून.

त्याचं असं झालं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक निकोलस निग्रोपॉंटे यांनी २००५ च्या जानेवारीत एक कल्पना मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप द्यायचा! पण गावात वीजच नसेल तर? मग लावा हँडल! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस शहरातल्या जागतिक परिषदेत त्याचा नमुना दाखवला. हिरवागार संगणक आणि कडेला पिवळं हँडल. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ते फिरवायला घेतलं आणि काय गंमत! हँडलच निखळलं. तरी त्याची छायाचित्रं जगभर छापून आली आणि हँडलवाला संगणक लोकांच्या डोक्यात पक्का बसला.

आता आपण जरा गणित करू. सायकलच्या दिव्याचा डायनॅमो साधारण ३ वॅट वीज देतो. तो चाकाला टेकवला की सायकल लगेच जड लागते, हो ना? वीज फुकट मिळत नाही, तिच्यासाठी ताकद लावावीच लागते. समजा, तुम्ही हाताने १० वॅट वीज तयार केली. एका मिनिटाच्या मेहनतीवर संगणक दहा मिनिटं चालायचा, तर त्याला फक्त १ वॅट पुरायला हवी. त्या काळचे साधे लॅपटॉप तर वीस-तीस वॅट खायचे! म्हणजे एक तासाच्या अभ्यासासाठी दोन-तीन तास हँडल फिरवा. उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलाने हे करायचं कसं? शिवाय हँडल संगणकालाच जोडलेलं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला त्याच्या अंगाला पीळ बसणार.

शेवटी २००६ मध्ये हँडल संगणकावरून काढून टाकलं. पण हाताच्या विजेवर चालवायचा म्हणून जी काटकसर केली होती, ती मात्र कामी आली. हा संगणक अवघ्या काही वॅटवर चालायचा. त्याचा पडदा भर उन्हातही वाचता यायचा. 'एक्सओ' नावाने तो २००७ च्या नोव्हेंबरमध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागला. किंमत मात्र शंभरावर थांबली नाही, सुमारे १८८ डॉलर झाली.

दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्या मुलांना हे संगणक दिले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या चिमुकल्या शाळेतही ते २००७ मध्ये आले. हँडल मात्र कुठल्याच संगणकाला नव्हतं!

तेव्हा दोस्तांनो, उद्या कुणी अशाच एखाद्या अजब यंत्राची बातमी सांगितली, तर लगेच हसू नका आणि लगेच मान डोलावू नका. दोनच प्रश्न विचारा : याला वीज किती लागते? आणि ती देणार कोण? मग घ्या कागद-पेन्सिल आणि करा गुणाकार-भागाकार. आवई किती खरी, ते तुमचं तुम्हालाच कळेल!