एक जनुक, अनेक ग्राही : अफूजन्य औषधांच्या भिन्न क्रियेची मीमांसा

मॉर्फिनची मात्रा वाढवीत नेली तरी कर्करोग्याच्या वेदना शमत नाहीत, मळमळ व ग्लानी मात्र वाढत जाते, असा अनुभव वैद्यकात नवा नाही. अशा वेळी मेथाडोनसारखे दुसरे औषध दिल्यास पुष्कळदा आराम पडतो. वस्तुतः ही दोन्ही औषधे मुख्यतः ‘म्यू’ या एकाच ग्राहीवर क्रिया करतात. मग हा फरक का पडावा?

मेंदूतील या ग्राहींचे अस्तित्व १९७३ साली बाल्टिमोर, न्यूयॉर्क व उप्साला येथील प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. म्यू ग्राहीच्या जनुकाचा शोध १९९३ साली लागला. हे जनुक एकच आहे. परंतु त्यापासून संदेशवाहक आरएनए तयार होताना त्याचे खंड, म्हणजे एक्झॉन, निरनिराळ्या रीतींनी जोडले जातात. त्यामुळे ग्राहीचे अनेक प्रकार संभवतात. काहींचा भेद केवळ पेशीच्या आत असणाऱ्या शेपटीपुरता असतो. तेथे औषध बसण्याची जागा तीच राहते, पण पुढे जाणारा संदेश बदलू शकतो. दुसऱ्या काही प्रकारांचा आरंभ एक्झॉन ११ पासून होतो. त्यांत पेशीपटलातून जाणारे सात पदर नसून सहाच असतात.

या भेदाचे महत्त्व उंदरांवरील प्रयोगांनी स्पष्ट केले. एक्झॉन १ काढून टाकलेल्या उंदरांत मॉर्फिनची वेदनाशामक शक्ती नाहीशी झाली, हेरॉइनची मात्र टिकून राहिली, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००९ साली गॅव्हरिल पास्टरनाक यांच्या गटाने एक्झॉन ११ निकामी केला, तेव्हा याच्या उलट घडले: मॉर्फिनचा गुण कायम राहिला आणि हेरॉइनचा बराच उणावला.

मानवातही असे प्रकार आढळतात. तथापि रुग्णारुग्णांतील सर्व फरक त्यांच्याच माथी मारणे योग्य नव्हे. यकृतातील चयापचय व मेथाडोनची इतर ग्राहींवरील क्रिया यांचाही त्यात वाटा आहे.

व्यवहारात मात्र एक गोष्ट निश्चित आहे. एका औषधाची शरीराला झालेली सवय दुसऱ्याला पूर्णपणे लागू पडत नाही. म्हणून औषध बदलताना कोष्टकातील समतुल्य मात्रा सामान्यतः २५ ते ५० टक्क्यांनी कमी करतात. मेथाडोनच्या बाबतीत याहूनही अधिक. ही दक्षता न घेतल्यास वेदनेबरोबर श्वासही थांबण्याचा धोका असतो.