नाताळचा मोजा आणि माझ्या विहीणबाई

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या आयांच्या हकिकती आता इतक्या झाल्या आहेत, की त्यांत आणखी एकीची भर घालायला मन धजत नाही. तेव्हा तिथले रस्ते, तिथली दुकाने, तिथला बर्फ आणि लाडवांच्या डिंकासाठी केलेली वणवण, हे सारे मी गाळते. मला सांगायचे आहे ते एका मोज्याविषयी. जोडी नव्हे, एकच मोजा; आणि तोही कधी कुणाच्या पायात न जाणारा!

नाताळच्या चित्रांत हे मोजे आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. भिंतीतली शेकोटी, तिच्यावर फळी आणि फळीला ओळीने टांगलेले लांबलचक लाल मोजे. नाताळच्या आदल्या रात्री सांताक्लॉज धुराड्यातून उतरतो आणि त्यांत खाऊ-खेळणी भरून जातो, अशी मुलांची समजूत. डिसेंबरात तिथल्या दुकानांतून अशा मोज्यांचे ढीग लागलेले असतात. पण पुष्कळ घरांत ते विकत आणीत नाहीत, घरीच शिवतात किंवा विणतात. आणि ज्या घरी ही रीत आहे तिथे ती आपल्याकडच्या कुळाचारासारखी पाळतात.

आमचे जावई ओहायओ राज्यातल्या कोलंबसचे. त्यांची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, मुलीच्या घरापासून मोटारीने वीस मिनिटांवर राहतात. वय शहात्तर, उंच बांधा, बोलणे मोजके. त्या मला पहिल्या दिवसापासून माझ्या नावाने हाक मारीत. मला मात्र त्यांना नावाने हाक मारणे काही केल्या जमेना. मी आपली ‘विहीणबाई’च म्हणत राहिले, आणि त्यांनीही त्या हाकेला न चुकता ‘ओ’ दिली.

२०२३ साली २३ नोव्हेंबरला त्यांचा ‘थँक्सगिव्हिंग’चा सण झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही नातीला घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माळ्यावरून एक पुठ्ठ्याचे खोके खाली आले होते. त्यातून एकेक मोजा निघू लागला. एकंदर चौदा निघाले. विहीणबाई आणि त्यांचे यजमान, चार मुले, तीन सुना-जावई आणि पाच नातवंडे. सर्वांत जुना १९७३ सालचा, थोरल्या मुलाचा. त्याचा लाल रंग उडून विटकरी झाला होता. प्रत्येकावर वरच्या पांढऱ्या पट्टीत नाव भरलेले आणि खाली त्या त्या माणसाचे काही खास चिन्ह. कुणाचा मासा, कुणाचे गलबत, कुणाची सायकल. माझ्या मुलीच्या मोज्यावर मोर होता! लग्नातल्या तिच्या पैठणीचा पदर छायाचित्रात पाहून विहीणबाईंनी तो टिकल्या-मण्यांनी भरला होता. काम मी उलटसुलट करून पाहिले. आपल्याकडे एखाद्या लग्नात रुखवतात मांडले असते, तर बायकांनी तिथून पाय काढला नसता.

त्या चौदांत त्यांच्या यजमानांचाही मोजा होता. ते जाऊन सहा वर्षे झाली होती. मला वाटले, तो बाजूला ठेवतील. पण विहीणबाईंनी तो आपल्या मोज्याच्या शेजारी नेहमीच्या खिळ्याला अडकवला. नाताळच्या रात्री घरातली माणसे त्यात आपापल्या चिठ्ठ्या टाकतात, असे जावयांनी मला मागाहून सांगितले. काय लिहितात ते कोणी कुणाला विचारीत नाही.

पंधरावा खिळा जावयांनी त्या सकाळीच ठोकून ठेवला होता. त्याच्याकडे सगळ्यांनी पाहिले, आणि खोलीतले बोलणे एकदम थांबले. विहीणबाई कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेल्या.

कारण असे होते, की त्यांच्या हातांना दोन वर्षांपासून कंप आहे. कप हातात धरला तर बशी वाजते. सुईत दोरा ओवणे तर दूरच. धाकट्या सुनेने हळूच सुचवले, की नाव घालून मिळणारा मोजा दुकानातून मागवता येईल, चार दिवसांत घरपोच येईल. त्यावर कुणीच काही बोलले नाही. चौदा हाताचे आणि एक विकतचा, हे कुणालाच पटण्यासारखे नव्हते. पण आजीच्या जागी बसून दुसऱ्या कुणी शिवावा, हे त्यांना सांगायचे तरी कोणी?

या मोज्याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडी वाट वाकडी करून सांगते. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर डेमरे नावाचे गाव आहे. त्याचे जुने नाव मायरा. चौथ्या शतकात तिथे निकोलस नावाचे बिशप होते. पुढे संत म्हणून पुजले गेलेले आणि सांताक्लॉज या नावाने आज जगभर पोहोचलेले ते हेच. दंतकथा अशी, की गावातल्या एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्यापायी त्यांची लग्ने अडली होती. होय, हुंडाच! निकोलसनी रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता, त्या घरात सोन्याची थैली टाकली. अशा तीन वेळा टाकल्या आणि तिन्ही मुली उजवल्या गेल्या. पुढच्या काळात गोष्टीत भर पडली, की एक थैली धुराड्यातून खाली आली ती शेकोटीशी वाळत घातलेल्या मोज्यात पडली. मोज्याच्या टोकात आजही संत्रे घालतात ते त्या सोन्याची आठवण म्हणून, असे सांगतात. हॉलंडात मुले ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मोज्याऐवजी बूट मांडून ठेवतात. इटलीत ५ जानेवारीच्या रात्री बेफाना नावाची म्हातारी येऊन मोजे भरते आणि द्वाड मुलांना कोळसे देते. हल्ली ते कोळसे काळ्या साखरेचे असतात, त्यामुळे द्वाडपणा फायद्याचा ठरत असावा. अमेरिकेत ही मोज्यांची चाल घरोघर पोहोचवली ती एका कवितेने. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात २३ डिसेंबर १८२३ रोजी ती निनावी छापून आली, आणि पुढे क्लेमेंट मूर यांच्या नावावर गेली. पूर्वी मुले आपला पायातलाच लोकरी मोजा टांगीत. सजवलेला, नावाचा, खास त्या रात्रीपुरता शिवलेला मोजा ही नंतरची हौस.

हुंड्याची गोष्ट ऐकून माझा मोज्याविषयीचा परकेपणा बराच गेला. दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटले, “त्यांना विचार, मला मोजा शिवायला शिकवाल का?”

“आई, तुला काय शिकवायचंय? तू तर डोळे मिटून शिवशील.”

“मी शिवीन गं. पण तू विचार, शिकवाल का म्हणून.”

विहिणींचा मानपान काय असतो, हे चार लग्ने पाहिलेल्या बाईला सांगावे लागत नाही. अमेरिकेतली झाली तरी विहीण ती विहीणच. निरोप गेला आणि तासाभरात विहीणबाईंची मोटार दारात उभी. चालवत होता शेजारचा मुलगा. मांडीवर शिवणाची पेटी.

पुढचे नऊ दिवस दुपारी नात निजली, की आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसत असू. त्या सांगत, मी करी. त्यांचे इंग्रजी मला निम्मे कळे. पण शिवणाची भाषा बोटांची असते. ज्या भगिनींना हौस आहे त्यांच्यासाठी कृती सांगते.

कागदी नमुना अठरा इंच लांबीचा, तोंडाशी साडेसात इंच रुंद. चवडा चांगला गोल हवा. विहीणबाईंनी १९७३ साली तो कागदावर संत्रे ठेवून त्याभोवती आखला होता! वरचे कापड फेल्टचे. हे विणलेले नसते, दाबून केलेले असते, म्हणून त्याचे दोरे सुटत नाहीत. कापड दुहेरी घडी घालून बेतायचे, म्हणजे दोन्ही तुकडे समोरासमोर येतात. तोंडे एकाच दिशेला करून बेतले तर मोजा जुळतच नाही. यावर विहीणबाईंनी मला तीन वेळा बजावले. अस्तराचे दोन तुकडेही याच मापाचे. नाव, चित्र, टिकल्या हे सारे काम पुढच्या तुकड्यावर आधी करून घ्यायचे. मोजा जोडल्यावर आत हात धड शिरत नाही. मग सुलट बाजू आत ठेवून टीप मारायची, तोंड मोकळे ठेवायचे आणि घोट्याच्या वळणावर शिवणीपर्यंत न पोहोचतील असे बारीक छेद द्यायचे. नाहीतर उलटल्यावर तिथे चुण्या पडतात. अस्तरही असेच शिवायचे, पण मागच्या शिवणीत चार इंचांची फट ठेवून. सुलट केलेला मोजा उलट्या अस्तरात घालायचा, टाचेच्या बाजूला अडकवायची नाडी दोहोंच्या मध्ये दाबायची, तोंडाशी गोल टीप मारायची आणि सारे त्या फटीतून बाहेर ओढायचे. फट हाताने शिवून टाकायची. ओळीतल्या सगळ्या मोज्यांचे चवडे एकाच दिशेला हवेत, हे बेतण्यापूर्वी पाहावे. त्यांच्या घरी डावीकडे.

त्या शिवणीला अर्धा इंच कापड सोडतात. मी म्हटले, याला आमच्याकडे ‘माया’ म्हणतात. लेकीने त्यांना त्या शब्दाचा दुसरा अर्थही सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि पुन्हा खडूने रेघ आखायला सांगितली.

अस्तरासाठी मी माझ्या आईचे जुने सुती लुगडे काढले. नातीच्या दुपट्यांसाठी म्हणून मी ते बरोबर नेले होते. वापरून वापरून मऊ झालेले, निळ्या काठाचे. चित्र कशाचे काढायचे यावर मात्र दोन दिवस गेले. शेवटी मी चिऊताई सुचवली. आपल्याकडे प्रत्येक मुलाची पहिली गोष्ट तिचीच. चिमणी ओहायओतही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती इंग्लंडातून तिकडे नेली गेली आणि देशभर पसरली. शिवाय धुराड्यालाही आपण चिमणीच म्हणतो, हे कळल्यावर विहीणबाई प्रथमच मोठ्याने हसल्या. चिऊच्या पंखांना साखळी टाका, पोटाला भरीव टाका, डोळ्याला एक काळा मणी.

राहिले नाव. ते मी इथे छापत नाही. तिच्या आईची सक्त ताकीद आहे. इतर चौदा नावे इंग्रजी अक्षरांतली. मीही तशीच आखायला घेतली, तर विहीणबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “तुमच्या लिपीत.” मी वहीत लिहून दाखवले. शिरोरेषेवरून त्यांनी बोट फिरवले. तुमची अक्षरे आमच्या मोज्यांसारखी ओळीने टांगलेली आहेत, असे काहीसे त्या म्हणाल्या. मग काय, पांढऱ्या पट्टीवर तीन मराठी अक्षरे आली.

मधेच माझ्या बहिणीचा डोंबिवलीहून फोन आला. “अगं, आपल्यात हे कुठे असतं?” मी म्हटले, “आपल्यात कुंची असते, झबलं-टोपडं असतं. आजीनंच शिवायचं असतं ना?” तिने विषय बदलला. खरे तर ‘नाताळ’ हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेऊन इतका जिरवला आहे, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आणि वसई-वांद्र्याच्या दारांतून डिसेंबरात लागणारे कागदी तारे आपल्या आकाशकंदिलांचे सख्खे भाऊच आहेत.

विहीणबाईंच्या प्रत्येक मोज्यात आत, अस्तराच्या काठाशी, एक साल आणि त्यांच्या नावाचे आद्याक्षर असे. या मोज्यात त्यांनी माझे आद्याक्षर घालायला सांगितले. ‘तुमचेही हवे’, असा मी हट्ट धरला. त्या नाही म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प बसल्या. मग चष्मा पुसून सुई मागितली. दोरा मी ओवून दिला. त्यांचे मनगट माझ्या मुलीने दोन्ही हातांनी धरले होते, कापड मी ताणून धरले होते. अक्षर जमण्यासारखे नव्हते, म्हणून त्यांनी एक साधी फुली घातली. दोन टाके. त्याला पंचवीस मिनिटे लागली. फुली वाकडी आहे, तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब आहे, आणि मागे दोऱ्याची गाठ पडली आहे. गाठ कापायला जावयांनी कात्री पुढे केली, तेव्हा मुलीने त्यांच्याकडे अशी काही पाहिली, की ती कात्री निमूट पेटीत गेली.

२४ डिसेंबरच्या रात्री पंधरा मोजे भरले. आमच्या चिऊच्या मोज्यात संत्रे बरोबर चवड्यात बसले. नात दीड महिन्याची. तिने सारा सोहळा झोपून काढला. यजमानांच्या मोज्यात एक चिठ्ठी मीही टाकली, मराठीत.

निघताना विहीणबाईंनी तो कागदी नमुना माझ्या हातात ठेवला. कडा झिजल्या आहेत, घड्यांवर चिकटपट्टी आहे. मी तो मुंबईला आणून जाड कागदावर उतरवला आणि मूळचा जपून ठेवला आहे. आता त्यांच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे. मुलीला व्हायोलिन वाजवता येते, असे कळवले आहे. तांबड्या फेल्टचा तुकडा मी मंगलदास मार्केटमधून आणून ठेवला. व्हायोलिनच्या तारांना जर वापरावी की साधा पिवळा रेशमी दोरा, हे अजून आमच्या दोघींचे ठरायचे आहे.